ताई बसली, बदक बोललं

१२ जानेवारी

आत्या,

नमस्कार आधी, वाईट बातमी मागून. मी कॉलेज सोडलं. तिसऱ्या वर्षाच्या मध्यात, अर्धी जर्नलं कोरी टाकून. बाबा माझ्याशी बोलत नाहीत. आई फोन करते, पण बाबा आंघोळीला गेले की, त्यामुळे आमचं बोलणं दोन बादल्यांपुरतं असतं.

मी एका सॉफ्टवेअरच्या ऑफिसात लागलोय. टायरच्या दुकानावरचा दुसरा मजला. जिन्यात रबराचा वास, वर तीस माणसं, आणि उघडणारी खिडकी एकच. सहा महिने मला बघणार आणि मग ठेवायचं की नाही ते ठरवणार. डिग्री नसताना घेतलं हेच खूप, असं रोज कुणी ना कुणी ऐकवतंच.

का सोडलं ते फक्त तुला सांगतो. ती इथे आहे. कॉलेजात माझ्या एक वर्ष पुढे होती, पास होऊन इथे लागली, आणि मग कॉलेजच्या जिन्यावर बसण्यात काही अर्थ उरला नाही. ती टेस्टर आहे, म्हणजे आम्ही लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधते. तिच्या हातून काही निसटत नाही म्हणून सगळे तिला चाळणी म्हणतात. तिनं माझी चूक काढली की मला बरं वाटतं. माझं काहीतरी कुणीतरी शेवटपर्यंत वाचलं, एवढं तरी होतं.

अडचण अशी की इथली भाषा मला येत नाही. सगळ्यांचं काम जोडून रोज जे एकत्र उभं राहतं त्याला बिल्ड म्हणतात. ज्याच्यामुळे ते मोडलं त्यानं दिवसभर लाल हेल्मेट घालून बसायचं. पहिल्या आठवड्यात मी तीनदा घातलं. शिवाय एक फाइल आहे, तिला नुसतं 'वही' म्हणतात. तिच्यात इथले सगळे शब्द. नियम तीन. शब्द कुणाच्या तरी चुकीतून जन्मलेला हवा, आणि ज्याला ती चूक भोवली त्यानंच तो लिहायचा. एकदा लिहिलेलं पुसायचं नाही. उदाहरणार्थ, 'मेव्हणा': दोन दिवसांपुरता म्हणून आत घेतलेला आणि मग कधीच बाहेर न गेलेला कोड. 'चष्मा': डोळ्यांसमोरची चूक दोन दिवस न दिसणं.

आणि पहिली नोंद, सगळ्यात जुनी: 'ताई बसली'. प्रोग्रॅम पुढेही जात नाही आणि मरतही नाही, पलीकडून उत्तर येईल म्हणून नुसता थांबून राहतो, तेव्हा असं म्हणतात. चहाच्या वेळी चाळणीनं विचारलं, "पण ही ताई कोण?" कुणालाच माहीत नव्हतं. ऑफिसचे मालक तात्या, पांढऱ्या दाढीचे, त्यांना माहीत आहे म्हणे, पण ते हसून विषय बदलतात. मी छाती पुढे काढून सांगून बसलो की माझी आत्या भोकं पाडलेल्या कार्डांवर प्रोग्रॅम लिहायचे त्या काळातली आहे, तिला विचारतो.

तेव्हा आत्या, तुझ्या काळातले शब्द लिही. जितके आठवतील तितके. माझी इज्जत तुझ्या हातात आहे.

तुझा भाचा

२४ जानेवारी

काडेपेटीस,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा जरा कमी आला. पेटायला तुला कारण लागत नाही हे तू चार वर्षांचा असल्यापासून मला माहीत आहे. पण या खेपेला स्वतःचंच घर पेटवलंस.

बरं केलंस कागदावर लिहिलंस. फोन करू नकोस. एकतीस वर्षं विम्याच्या ऑफिसात प्रिंटरच्या शेजारच्या खोलीत काढली, तो माझ्या कानात अजून चालूच आहे. आणि पडद्याकडे बघायचा मला आता कंटाळा.

शब्द हवेत तर घे. 'पॅच' म्हणजे तुमची छोटी दुरुस्ती, आमच्याकडे ते खरोखरचं ठिगळ होतं. प्रोग्रॅम कागदी पट्टीवर भोकं पाडून लिहायचे. भोक चुकलं तर त्यावर कागदाचा तुकडा चिकटवायचा, किंवा तेवढी पट्टी कापून दुसरी जोडायची. 'बग'ची, म्हणजे प्रोग्रॅममधल्या चुकीची, गोष्ट तुम्हाला सांगितली असेलच, की यंत्रात मेलेला पतंग सापडला आणि कुणीतरी तो नोंदवहीत चिकटवला. ते खरं आहे. पण चिकटवणाऱ्यानं खाली गमतीनं लिहिलं होतं की खराखुरा किडा सापडल्याची ही पहिलीच वेळ. म्हणजे शब्द आधीपासून होता, पतंग मागून आला. बहुतेक शब्दांचं असंच असतं. शब्द फिरत राहतो आणि लोक त्याला सोयीची गोष्ट चिकटवतात.

पुढे कार्डं आली, एका कार्डावर प्रोग्रॅमची एक ओळ, आणि ती एका खोक्यात दोन हजार मावायची. गठ्ठा हातातून पडला की संपलं, सगळा क्रम गेला. म्हणून गठ्ठ्याच्या कडेवर पेन्सिलीनं एक तिरपी रेघ ओढून ठेवायचो. पडलाच तर रेघ जुळवत लावायचा. या पत्राच्या पानांनाही ओढली आहे. तुझ्या हातात काही नीट राहत नाही.

'ताई बसली' आमच्याकडे ऐकलेलं नाही.

तुझ्या आईनं कॉलेजात विचारलं. पुन्हा नाव घालायला तीस एप्रिलपर्यंत मुदत आहे. त्यानंतर वर्ष जाईल, आणि तुझा स्वभाव बघता वर्षाबरोबर तूही जाशील. तारीख कुठेतरी लिहून ठेव.

आत्या

९ फेब्रुवारी

आत्या,

तू देवमाणूस आहेस. तुझी ठिगळाची गोष्ट सांगितली आणि चाळणी हातातला कप तसाच धरून ऐकत राहिली. "म्हणजे खरंच कागद चिकटवायचे?" तिनं दोनदा विचारलं. मी असा थाटात बोललो जणू मीच चिकटवत होतो.

आता खरी बातमी. त्या दिवसापासून ती रोज चार वाजता माझ्या टेबलाशी येते. खुर्ची ओढते, बसते आणि तिचं जे काही अडलं असेल ते मला सांगते. सगळं, अगदी पहिल्यापासून. मला त्यातलं पाव कळतं. मी नुसता बघत असतो. बोलता बोलता ती मध्येच थांबते, कपाळावर हात मारते, "सापडलं," म्हणते आणि उठून जाते. जाताना माझ्या खांद्यावर थाप. परवा तिनं माझ्या टेबलावर एक पिवळं प्लॅस्टिकचं बदक आणून ठेवलं आणि म्हणाली, "हे तुला. आजपासून तू माझा बदक." सगळे हसले. हसू देत. दुसऱ्या कुणाला तिनं काही दिलेलं मी पाहिलेलं नाही.

ऑफिसात इतकी हुशार माणसं असताना ती माझ्याकडे का येते, सांग बरं. मी रात्रंदिवस हाच विचार करतो आणि दर वेळी उत्तर एकच येतं.

तू म्हणालीस ऐकलेलं नाही, पण ताईची गोष्ट कळली. शुक्रवारी चहाला तात्या खुशीत होते. त्यांच्या पहिल्या नोकरीतली गोष्ट. कार्डं घेऊन एक मुलगी मशीनच्या खोलीबाहेर स्टुलावर बसली, मांडीवर दोन हजार कार्डांचं खोकं. कुणीतरी तिला "थांब, येतो" म्हणून सांगितलं होतं. सकाळी अकरापासून ऑफिस बंद होईपर्यंत ती तिथेच. जेवली नाही, उठली नाही, कुणाला विचारलंही नाही. दुसऱ्या दिवशीपासून मशीन अडकलं की सगळे म्हणायचे, "ताई बसली." तात्यांनी तिच्या बसण्याची नक्कल अशी काही केली की आमची हसून पुरेवाट. मी तर टेबलावर डोकं ठेवून हसलो. चाळणी तेवढी हसली नाही. म्हणाली, "आणि तो आलाच नाही?" तात्या म्हणाले, "अगं, तो केव्हाच गेला होता."

तारीख लिहून ठेवली आहे. उगाच आठवण करून देऊ नकोस.

तुझा बदक (सवय करतोय)

२० फेब्रुवारी

काडेपेटीस,

थोडक्यात लिहिते.

बदक म्हणजे काय ते तुला कुणी सांगितलेलं दिसत नाही, किंवा सांगितलं असेल आणि तू ऐकलं नसशील. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांची ही एक रीत आहे. अडलं की टेबलावर एक खेळणं ठेवायचं आणि त्याला सगळं पहिल्यापासून समजावून सांगायचं. सांगता सांगता आपली चूक आपल्यालाच दिसते. खेळण्याला काही कळावं लागत नाही, कळत नसेल तर उत्तमच. आमच्याकडे बदक नव्हतं, आम्ही रिकाम्या खुर्चीला सांगायचो. ती तुझ्याकडे येते कारण तू मध्ये बोलत नाहीस आणि तुला काही कळत नाही. यात तिचा दोष नाही. तिनं तुला नावासकट सांगितलं, सगळ्यांसमोर सांगितलं. याहून सरळ माणूस कसा वागणार?

तुला वेगळं वाटत असेल तर तोंडानं विचार. दोघंच असाल तेव्हा. ती नाही म्हणेल, दोन दिवस तुला जेवण जाणार नाही आणि तिसऱ्या दिवशी जाईल. लिहू मात्र नकोस. लिहिलेलं आपल्या हातात राहत नाही.

त्या दुसऱ्या गोष्टीबद्दल. दोन हजार कार्डांचं खोकं मांडीवर ठेवून कुणी दिवसभर बसू शकत नाही. पाय मरतात. आणि स्टूल नव्हतं, रिकामं खोकं पालथं घातलेलं होतं. कार्डांचं खोकं खाली, पायांशी. असेल कोणी.

आत्या

६ मार्च

आत्या,

मी हे पत्र तीन दिवस लिहिणार नव्हतो, आणि आता लिहितोय तर मनातलं सगळं लिहिणार.

तुला काय माहीत? तू आयुष्यभर एका खोलीत मशीनशेजारी बसलीस, तुझ्याकडे कधी कुणी खुर्ची ओढून आलं नाही, म्हणून जगात कुणाकडेच कुणी येत नाही असं तुला वाटतं. बाबा असेच, तूही तशीच. आपल्या घरात कुणाचं काही चांगलं होताना दिसलं की सगळ्यांना ठसका लागतो. बदकाची रीत मला आता ठाऊक आहे, मी विचारली. पण बदकं तर सगळ्यांच्याच टेबलावर आहेत. तिच्या स्वतःच्या टेबलावरही आहे. मग ती माझ्याकडे का येते?

तू लिहू नकोस म्हणालीस, आणि मी लिहिलं. तेही अशा जागी की तिच्याशिवाय कुणी वाचणार नाही. तिची प्रत्येक चाचणी एका फाइलीत असते आणि तिच्या डोक्यावर चार ओळी मोकळ्या असतात, ही चाचणी कशासाठी ते लिहायला. त्या ओळी मशीन वाचत नाही, माणसासाठी असतात. दोनशे बारा नंबरची चाचणी तिच्या आवडीची, रोज सकाळी ती तीच आधी उघडते. तिथे लिहिलं. चारच्या चाळीस ओळी झाल्या. सोमवारी येईल, उघडेल आणि मी समोर असेन. चिठ्ठी कुणीही लिहितो. आमच्यासारख्या माणसांनी आमच्या जागी लिहावं.

पत्र मिळालं की मला शुभेच्छा दे, किंवा देऊ नकोस.

तुझा भाचा

१० मार्च
(पोस्टकार्ड)

जे लिहिलं असशील ते काढ. हे कार्ड वाचशील त्या क्षणी काढ. मोकळ्या ओळी कुणीच वाचत नाही असं कुठल्याच ऑफिसात नसतं. बाकीचं मी मनावर घेतलेलं नाही.
आत्या

२५ मार्च

आत्या,

तुझं कार्ड शुक्रवारी मिळालं. सोमवार त्याआधीच येऊन गेला होता.

त्या मोकळ्या ओळी मशीन वाचतं. मला नवीन म्हणून कुणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. दर सोमवारी पहाटे सगळ्या चाचण्यांच्या डोक्यावरचा मजकूर आपोआप गोळा होतो, त्याचा अहवाल बनतो आणि थेट ग्राहकाला जातो: आम्ही काय काय तपासलं, कशासाठी, निकाल काय. प्रत्येक नोंदीखाली ती चाचणी ज्याच्या नावावर आहे त्याचं नाव. दोनशे बाराखाली तिचं होतं.

सोमवारी अकरा वाजता ग्राहकाबरोबर पडद्यावर बैठक असते. आमच्या बाजूला आठजण, मी सगळ्यात मागे, हेल्मेटच्या खुंटीखाली. पलीकडे त्यांच्या मोठ्या बाई, चष्म्याच्या दोरीशी चाळा करत. त्या नोंदी वाचत होत्या. दोनशे दहा, दोनशे अकरा. मग थांबल्या. मग मोठ्यानं वाचायला लागल्या, कारण त्यांना वाटलं वाचूनच कळेल हे काय आहे.

"ही चाचणी कशासाठी: चार वाजायला आले की मला बाकी काही ऐकू येत नाही. तू बोलतेस त्यातलं मला काही कळत नाही, पण तू थांबू नयेस असं वाटतं. तुला चूक सापडते तेव्हा मला वाईट वाटतं, कारण मग तू जातेस."

पुढच्या ओळी मी लिहीत नाही. त्यांनी बारा ओळी वाचल्या. तिकडे कुणीतरी हसलं. शेवटी मशीननं आपला शेरा मारलेला होता: निकाल, उत्तीर्ण. वर्षभरात मी पास झालेली ही एकच परीक्षा.

त्या बाई म्हणाल्या, "मॅडम, हे आपलं आहे का? कुणाला उद्देशून?" तिचा चेहरा मी पाहिला नाही, पाठ पाहिली. आत्या, मी जरा कुणी गाडी आडवी घातली तरी खाली उतरून भांडणारा माणूस. मला उठून फक्त 'माझं' म्हणायचं होतं. एक शब्द. मी बसून राहिलो. त्यांच्या घड्याळात ते एखादं मिनिट असेल.

तीच म्हणाली, "माझं नाही. बघून सांगते." आणि सगळ्यांसमोर एक आज्ञा दिली. त्या आज्ञेचं नावच 'ब्लेम'. फाइलीतली कुठली ओळ कुणी लिहिली ते ती दाखवते. डावीकडे माझं नाव उमटलं. चाळीस ओळी, चाळीस वेळा, एकाखाली एक.

पण तोवर ग्राहकाची बाजू बंद झाली होती. त्यांनी पुढे ऐकलंच नाही. दुपारी त्यांचं पत्र आलं की या कामावर दुसरी टेस्टर द्या, जरा गंभीर असलेली. तिला एप्रिलपासून त्या कामाची प्रमुख करणार होते. आता ती कोपऱ्यातल्या टेबलावर जुने बिघाड तपासते.

चार वाजता मीच तिच्याकडे गेलो. मी काही म्हणायच्या आत ती म्हणाली, "तू मला विचारलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं. पाच मिनिटांचं काम होतं. उद्या परत तुझ्याकडे येऊन बसले असते. मला चांगलं वाटायचं रे तिथे." मग म्हणाली, "आणि त्यांनी विचारलं तेव्हा तू होतास ना खोलीत?"

मी 'हो' म्हणालो.

वहीत नवीन शब्द आला आहे. ज्याला भोवली त्यानं लिहायचं, म्हणून तो तिनं लिहिला. 'बदक बोललं: आत राहायला हवी होती ती गोष्ट बाहेरच्याच्या हातात पडणं.' एवढंच. माझं नाव नाही. तात्यांना इतका आवडलाय की दिवसातून चारदा म्हणतात.

तुला जे लिहिलं होतं त्याबद्दल काय लिहू ते कळत नाही.

भाचा

५ एप्रिल

काडेपेटीस,

काही लिहू नकोस. आता मी लिहिते.

ती ताई मी.

बावीस वर्षांची होते. विम्याच्या त्याच ऑफिसात मला प्रोग्रॅम लिहायला शिकवत होते आणि शिकवणारा तो होता, तुमचा तात्या. तेव्हा दाढी काळी होती. आमच्याकडे रीत अशी की कार्डांचा गठ्ठा खिडकीतल्या ट्रेमध्ये ठेवायचा आणि निकाल दुसऱ्या दिवशी घ्यायचा. मशीनच्या खोलीत आम्हाला प्रवेश नव्हता. त्या दिवशी तो म्हणाला, "ट्रेमध्ये ठेवू नकोस, मी येऊन स्वतः मशीनमध्ये घालतो. तू इथेच थांब. हे झालं की आपण दोघं तुझ्या घरी जाऊ. तुझ्या वडिलांशी बोलतो मी." मी घरी सांगून आले होते. घरी सगळे चांगले कपडे घालून बसले होते.

मी अकराला बसले. भिंत काचेची होती. आतले सगळे मला बघत होते, मी त्यांना. तो बाराच्या सुमाराला मागच्या दारानं गेला. त्या दिवशी त्याची नोकरी संपत होती, दुसरी लागली होती. आत सगळ्यांना माहीत होतं, फक्त मला नव्हतं. दुपारी तीनला मशीन अडकलं आणि आतला एकजण काचेकडे बोट दाखवून काहीतरी म्हणाला, ते सगळे हसले. मला ऐकू आलं नाही. तेव्हा कान चांगले होते, काच जाड होती. काय म्हणाला ते पुढच्या आठवड्यात कळलं.

ऑफिस बंद झालं तेव्हा तुझा बाप शोधत आला. एकोणीस वर्षांचा होता. माझ्या हाताला धरून उठवलं, पायांना मुंग्या आलेल्या, म्हणून खोकं स्वतःच्या खांद्यावर घेतलं. जिन्यात त्याच्या हातून ते पडलं. दोन हजार कार्डं. आम्ही दोघं तिथेच रेघ जुळवत कार्डं लावत बसलो. तो रडत होता, मी नाही. तो तुझ्याशी का बोलत नाही ते कदाचित आता कळेल. त्याला ऑफिसांचं वावडं नाही. वाट बघत बसलेलं माणूस उचलून आणायचा त्याला कंटाळा आला असेल.

त्यानंतर मी तिथे एकतीस वर्षं काढली. तो शब्द माझ्यासमोर बोलायचे. सुरुवातीला माझ्याकडे बघून, मग सवयीनं, मग न बघता. नवीन मुलं यायची, त्यांना ताई कोण ते माहीत नसायचं. आणि मीही म्हणायला लागले. मशीन अडकलं की मीच ओरडायचे, "अरे, ताई बसली." तुला सगळ्यात आधी हेच सांगायला हवं होतं, आणि मी ऐकलेलं नाही म्हणून लिहून मोकळी झाले.

एकच विचारते. तुमच्या वहीत ज्याला भोवली त्यानं लिहायचं ना? मग पहिली नोंद त्यानं कशी लिहिली?

त्याच्याशी भांडायला जाऊ नकोस. तीस एप्रिल.

आत्या

२ मे

आत्या,

गेलो. तू नको म्हणालीस म्हणूनच गेलो असेन.

शुक्रवारी चहाला सगळे होते. मी उभा राहिलो आणि तात्यांना म्हणालो, "ती ताई माझी आत्या. स्टूल नव्हतं, खोकं होतं. आणि तो गेलेला माणूस तुम्ही." कुणी कप खाली ठेवला नाही.  तात्या माझं आडनाव चार महिने रोज हजेरीत वाचत होते. मग म्हणाले, "तिचं नाव आता आठवत नाही रे. पण कार्डं फार स्वच्छ पाडायची. एक चूक नाही." चांगल्या मनानं म्हणाले. तेच मला सहन झालं नाही.

मी जागेवर आलो, वही उघडली आणि पहिली नोंद पुसली. मग चाळणीनं लिहिलेलीही पुसली. दहा मिनिटांत दोन्ही परत आल्या. इथे काहीही पुसलं तरी आधीच्या प्रती असतात. परत कुणी आणल्या ते 'ब्लेम' करून पाहिलं. ताईची तात्यांनी आणली. बदकाची तिनं.

हेल्मेटच्या खुंटीला पिवळं बदक बांधून मी कायमचा जिना उतरलो. ती खिडकीशी उभी होती. मी वर बघितलं नाही, म्हणजे बघितलं, पण उशिरा.

तीस तारखेला कॉलेजात रांग होती. बाबा माझ्या आधी येऊन रांगेत उभे होते. आईनं सांगितलं असणार. आम्ही पाऊण तास एकामागे एक उभे. खिडकीशी पोचल्यावर म्हणाले, "पेन आहे का?" माझ्याकडे होतं. परतताना तात्यांबद्दल फक्त एवढंच विचारलं (तूच त्यांना कळवलं असणार), "तो अजून हसतो का रे?" मी म्हणालो, "हो."

तू ठीक आहेस ना? तुझं नाव वहीत नाही. मी शोधलं.

भाचा

१८ नोव्हेंबर

आत्या,

परीक्षा आहेत, म्हणून उशीर. तिसरं वर्ष दुसऱ्यांदा करतोय, सगळे मला काका म्हणतात.

आज लॅबमध्ये एक मजा झाली. एका पोरानं चुकून स्वतःचे मार्क सगळ्या वर्गाच्या पडद्यावर पाठवले, आणि मागच्या बाकावरून आवाज आला, "अरे, बदक बोललं!" मी मागे वळून विचारलं, हा शब्द कुठला? म्हणाला, त्याचा भाऊ एका कंपनीत आहे, तिकडे सगळे म्हणतात. टायरच्या दुकानावरची नव्हे, वेगळीच. मी विचारलं, आलाय कुठून? त्याला सगळं माहीत होतं. कुठल्यातरी ऑफिसात एक मुलगी होती, टेस्टर. तिचा ग्राहकाच्या साहेबावर जीव जडला आणि तिनं अहवालातच प्रेमपत्र पाठवलं. सगळी पोरं हसली. एकानं तिची नक्कल केली, डोळे मिटून, हात छातीशी.

मी सांगायला हवं होतं की लिहिणारी ती मुलगी नव्हती. तिचं त्यात काही नव्हतं. तिच्या नावाखाली दुसऱ्याच कुणीतरी लिहिलं आणि विचारल्यावर गप्प बसला.

मी म्हटलं, "असेल कोणी." आणि हसलो. सगळ्यांबरोबर, तेवढंच.

आता खोलीवर येऊन तुला लिहितोय.

भाचा

२७ नोव्हेंबर

काडेपेटीस,

मला एकतीस वर्षं लागली आणि तरी जमलं नाही. तुला लॅब उघडेपर्यंतचा वेळ आहे.

जा आणि त्या पोराला शोध. नक्कल करणाऱ्यालाही. सांग की बदक तू होतास. ते हसतील. हसू देत. त्यानं ती गोष्ट थांबणार नाही, फक्त निदान एका बाकावर ती खरी होईल. मग तिला पत्र लिही, कागदावर, की तू हे सांगितलंस. उत्तराची वाट बघू नकोस.

आणि त्यांच्यापैकी कुणी कधी विचारलंच, ताई कोण, तर तेही सांग. नावासकट सांग. तुला ते ठाऊक आहे.

आत्या